डॉक्टरला समाजशास्त्र कशाला?

बेळगावच्या खडेबाजारात औषधाच्या दुकानापुढे चिठ्ठी धरून उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, चांगला डॉक्टर कोणता? उत्तरं ठरलेली असतात. हाताला गुण हवा, निदान अचूक हवं, उगाच तपासण्या लिहून देऊ नयेत आणि दोन शब्द धड बोलावं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वैद्यकशास्त्राच्या. उरलेल्या दोन? 'ते ज्याच्या त्याच्या घरच्या वळणावर असतं, शिकवून थोडंच येतं?' असं लोक म्हणतात. एमबीबीएसच्या पोरांना आता नीतिशास्त्र आणि समाजशास्त्रही शिकवतात असं कळलं, की पुढचा प्रश्न तयारच असतो : टाके घालायला समाजशास्त्र कशाला लागतं?

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारायला बेळगावसारखी जागा नाही. केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय इथे १९६३ पासून आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं सरकारी महाविद्यालय वेगळं. शिकणारी मुलं केरळपासून दिल्लीपर्यंतची, काही थेट मलेशियाची. समोर येणारा रुग्ण खानापूरकडचा मराठी, बैलहोंगलकडचा कन्नड किंवा शहरातला उर्दू बोलणारा. एकाच वॉर्डात तीन भाषा आणि तीस तऱ्हेची घरं. इथे नुसतं पुस्तक पाठ करून डॉक्टर होता येत असतं, तर या प्रकरणाची गरज पडली नसती.

१. घरचं वळण कुठवर पुरतं?

खोटं बोलू नये, चोरी करू नये, गरिबाला लुबाडू नये, हे घरी शिकवलं जातं. ज्याला ते घरी कळलं नाही त्याला कॉलेजात व्याख्यान देऊन कळेल, असा माझाही विश्वास नाही. पण डॉक्टरची पंचाईत निराळी असते. त्याच्यापुढे चांगलं आणि वाईट अशी सरळ निवड क्वचितच येते. बहुतेक वेळा दोन चांगल्या गोष्टींचीच आपसात जुंपते.

साठीतल्या एका गृहस्थांच्या गाठीचा तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. मुलगा दाराशीच डॉक्टरला गाठतो : 'आप्पांना सांगू नका, खचतील.' आत खाटेवरून आप्पा विचारतात : 'काय निघालं हो?' खोटं बोलू नये हे आईनेच शिकवलेलं आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव दुखवू नये हेही तिनेच. आता कुठलं पाळायचं?

नीतिशास्त्र इथे सुरू होतं. बोचँप आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये डॉक्टरच्या कामासाठी चार तत्त्वं मांडली. आज जगभर तीच शिकवतात. रुग्णाच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द रुग्णाचा. त्याचं भलं करायचं. त्याला अपाय करायचा नाही. आणि औषध, खाट, वेळ यांची वाटणी न्यायाने करायची. वाचायला सोपी आहेत, पण आप्पांच्या खाटेशी आल्यावर पहिलं तत्त्व एकीकडे ओढतं आणि तिसरं दुसरीकडे.

यावर एक साधी रीत आहे. तुकडा तपासायला पाठवतानाच विचारून ठेवायचं : 'आप्पा, रिपोर्ट आला की आधी तुमच्याशी बोलू, की मुलाशी?' काही जण म्हणतात, मलाच सांगा. काही म्हणतात, पोराला सांगा, तो बघेल. दुसरं उत्तर देणाऱ्यानेही शेवटचा शब्द स्वतःच वापरलेला असतो. हा प्रश्न कधी, कोणासमोर आणि कोणत्या सुरात विचारायचा, हे जन्मजात येत नाही. शीर शोधायला शिकावं लागतं, तसंच हेही शिकावं लागतं.

२. पायरी चढणारं गिऱ्हाईक

मग समाजशास्त्राचं काय? बेळगावातल्याच शहापूरच्या खडेबाजारात लग्नाचा बस्ता बांधायला दहा माणसं दुकानाची पायरी चढतात. गादीवर बसलेला जुना माणूस दोन मिनिटांत ओळखतो : साडी नवरीची, पसंती सासूची, पैसे मामाचे, आणि मोडता घालणार ती कोपऱ्यात गप्प बसलेली आत्या. तो साड्या आत्यापुढे उलगडतो. त्याला कापडातलं कळतंच, पण धंदा चालतो तो माणसांची ही मांडणी कळते म्हणून.

डॉक्टरपुढेही एकटा रुग्ण कधीच येत नसतो. त्याच्यामागे एक घर असतं. त्या घरात कमावणारा एक, ठरवणारा दुसरा आणि सेवा करणारी तिसरी. घराला जात असते, रेशनकार्ड असतं, मालक किंवा मुकादम असतो. या मांडणीचा शिस्तीने अभ्यास करणं म्हणजे समाजशास्त्र. दुकानदार ती अनुभवाने शिकतो. बावीस वर्षांच्या पोराकडे तेवढी वर्षं नसतात, म्हणून त्याला ती शिकवावी लागते.

शिकवली नाही तर काय होतं, याचा धडा आपल्याकडे जुना आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरोघर घुसले. आजाऱ्याला वेगळं ठेवणं आणि घर साफ करणं, हे तेव्हाच्या वैद्यकीय समजुतीला धरूनच होतं. पण स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिरल्यावर, बायकामाणसांची चारचौघांत तपासणी केल्यावर लोक आजारी लपवू लागले. हेतू रोग आटोक्यात आणण्याचा होता, पण लोकांचा विश्वास उडाला. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढचा इतिहास शाळेत शिकवतात. तो वैद्यकीय महाविद्यालयातही शिकवावा, फक्त वेगळ्या कारणासाठी.

३. निपाणीचा खोकला

आता एक उदाहरण सविस्तर सोडवू. बाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. वय चाळीस, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण. निपाणीचं नाव १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाने आणि ६ एप्रिलच्या गोळीबाराने देशभर गेलं. पण वखारीतल्या बायकांची गोष्ट त्याहून जुनी आहे. स्वतः डॉक्टर असलेल्या अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिलं. 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, भरायचा. हवेत खकाणा. नाकातोंडाला पदर बांधला तरी तो आत जातोच, आणि तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही शिरतं. नव्या बाईला पहिले काही दिवस मळमळतं, गरगरतं.

विद्यार्थी विचारतो, 'तंबाखू खाता?' बाई म्हणते, 'न्हाई बा.' तो कागदावर लिहितो : व्यसन नाही. बाई खोटं बोललेली नाही. ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते, आणि मशेरीला या भागात कोणी व्यसनात धरत नाही. दात घासायची वस्तू ती. मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, असं विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं. आणि काम काय करता, हा प्रश्न तर त्याने विचारलाच नाही. 'गृहिणी' असं आधीच लिहून मोकळा झाला होता.

थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. औषध सरकारी आणि फुकट, सहा महिन्यांचं. डॉक्टरच्या लेखी प्रश्न मिटला. बाईचा हिशेब आता सुरू होतो. समजा रोज ३०० रुपये. दवाखान्याची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस, वर एसटीचे ६० : एकूण ३६०. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर ७२०, सहा महिन्यांचे ४,३२०. क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, म्हणजे सहा महिन्यांचे ३,०००. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, म्हणजे ६,०००. कागदावर आता बाई फायद्यात दिसते. पण तो पैसा अंडी-डाळीसाठी आहे, बुडालेल्या रोजासाठी नाही. तो बँकेत जमा होतो, आणि पासबुक घरात कोणाकडे असतं हे वेगळंच. शिवाय महिन्यात दोनतीन खाडे झाले की मुकादम त्या जागी दुसरी बाई बसवतो, त्याची किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्यात सीमाभाग. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. नातेवाईक तिकडे, भाषा तिकडची, पण कार्ड कर्नाटकाचं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना खुली केली, तेव्हा दोन राज्यांत त्यावरूनही जुंपली. राजकारण बाजूला ठेवू. डॉक्टरला एवढं कळलं पाहिजे, की रुग्ण मध्येच 'गायब' होतो तेव्हा त्याने औषध सोडलंच असेल असं नाही, फक्त रस्ता बदललेला असू शकतो.

दोन महिन्यांनी बाई आली नाही तर केसपेपरवर काय लिहायचं? 'सांगूनही औषध घेत नाही' असं लिहिलं की दोष तिचा. हिशेब मांडून पाहिला असेल, तर तोच डॉक्टर गोळ्या निपाणीतल्याच केंद्रातून मिळतील अशी व्यवस्था लावतो, जमलं तर वखारीच्या सुट्टीच्या वेळेत. न्यायाचं तत्त्व समाजशास्त्राशिवाय हवेत तरंगत राहतं, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

विचारायला गेलं की काय सापडतं, ते गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दाखवलं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबणाऱ्याला वाटलं असतं, या गावांत बायकांना काही होतच नाही.

४. टेबलावर कोण आहे?

पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं, हे सगळं रुग्ण भेटायला लागल्यावर बघू. पण त्यांचा पहिला 'रुग्ण' शवविच्छेदनाच्या टेबलावर असतो. नव्या अभ्यासक्रमात 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' असा स्वतंत्र पाठच आहे.

या पाठाला बेळगावइतकं जिवंत उदाहरण दुसरीकडे शोधून सापडायचं नाही. बैलहोंगलचे डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर यांची इच्छा होती, की आपला देह दान करावा आणि विच्छेदन मुलानेच करावं. मुलगा, डॉ. महांतेश रामण्णवर, बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे. वडील २००८ मध्ये गेले, देह जतन करून ठेवला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुलाने विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहावर सुरी चालवली. काहींना ते अघोर वाटलं, काहींना थोर. मला विचाराल, तर वर्गात आधी ते अघोर वाटणाऱ्यांना बोलू द्यावं.

कारण त्यानंतरचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. सगळेच देह असे इच्छेने येत नाहीत. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद मुंबईच्या १९४९ च्या आणि कर्नाटकच्या १९५७ च्या कायद्यात आहे. बेवारस कोण होतं? स्टँडवर झोपणारा, परगावहून कामाला आलेला, घराने टाकलेली म्हातारी. कारखानदाराचा देह बेवारस निघत नाही. आपण ज्याच्यावर शिकलो त्याने होकार दिला होता का, हा नीतीचा प्रश्न. होकार न देताही टेबलावर येणारे बहुतेक गरीबच का, हा समाजशास्त्राचा.

५. बेळगावच्या खेड्यांतली गोळी

आता थोडं अवघड. प्रसूतीनंतर बाईचं अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. बाळंतपणात बाया दगावण्याचं हे मोठं कारण. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने तो रोखता येतो, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला प्रशिक्षित हात लागतो. वीस वर्षांपूर्वी खेड्यात बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात व्हायचं. सोबतीला नर्सबाई, आणि फ्रिज नाही.

मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी स्वस्त आहे आणि तिला फ्रिज लागत नाही. तिने रक्तस्राव टळतो का, हे पाहायला बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांसोबत २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत चाचणी केली. १,६२० बाळंतिणी. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरलेलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. हिला प्लासिबो म्हणतात. गोळी देणाऱ्या नर्सबाईलाही आपण कुठली दिली ते ठाऊक नसतं, नाहीतर तिच्या नजरेत आधीच झुकाव येईल. रक्त डोळ्यांनी अदमासायचं नाही, कारण अंदाज हमखास कमी निघतो. त्यासाठी बाईच्या खाली पारदर्शक प्लास्टिकचं कापड अंथरलं, खाली निमुळत्या होत गेलेल्या पिशवीचं आणि तिच्यावर मापाच्या रेघा असलेलं.

२००६ मध्ये निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला. प्लासिबो गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, गोळीच्या गटात ६.४ टक्के. म्हणजे शंभर बायकांमागे बारांऐवजी साधारण सहा. दुसऱ्या तऱ्हेने मांडायचं, तर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. थंडी वाजणं आणि ताप हे त्रास गोळीने वाढले, पण ते तात्पुरते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. एक खेड्यातला प्रयोग जगाच्या उपयोगी पडला.

आता विद्यार्थ्यांना विचारायचं : प्लासिबो मिळालेल्या आठशे बायकांचं काय? एक बाजू म्हणते, नाहीतरी तेव्हा घरच्या बाळंतपणात काहीच औषध मिळत नव्हतं, आणि गोळी उपयोगी आहे की अपायकारक हेच माहीत नव्हतं. माहीत नसताना सर्वांना देणं हाही जुगारच. दुसरी बाजू म्हणते, शहरातल्या इस्पितळात इंजेक्शन सर्रास देत होते. खेड्यातल्या बाईसाठी 'काहीच नाही' ही रीत धरून तिच्याशी तुलना करायची, ती रीत ठरवली कोणी? गरिबीनेच ना? मला स्वतःला पहिली बाजू पटते, पण दुसरी ऐकल्याशिवाय पटवून घेऊ नये. वर्गातली सर्वांत हुशार मुलं इथे भांडतात, आणि भांडू द्यावं.

समाजशास्त्र या वादाच्या बाहेर उभं नसतं. कळा सुरू झालेल्या बाईला होकार विचारण्यात अर्थ नाही, ती कशालाही हो म्हणेल. आधी, सातव्या-आठव्या महिन्यात विचारायला हवं. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदवलेली बाई बाळंत होणार भलत्याच गावात. आणि विचारताना शेजारी सासू बसलेली असेल तर होकार कोणाचा? अशी चाचणी आखणाऱ्याने हे आधी विचारात घेतलं नाही, तर नीती समितीचा कागद कितीही चोख असो, आकडेही चुकतात आणि होकारही.

६. सही

होकाराबद्दल कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. बाईला दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. न्यायालयाने सांगितलं : तपासणीचा होकार म्हणजे शस्त्रक्रियेचा होकार नव्हे, आणि सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही. जीव धोक्यात असता तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी पंचवीस हजार भरपाई द्यावी असा आदेश झाला.

विद्यार्थी हे पाठ करतात. त्यापुढचं बीडच्या ऊसतोड बायकांकडून शिकावं. हंगामात त्या टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या सीमाभागातल्या कारखान्यांवर येतात. तरुण वयात त्यांच्यापैकी अनेकींची गर्भाशयं काढल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इथे सह्या त्यांच्याच होत्या. पण खाडा केला तर दंड, फडात संडास नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. अशा वेळी 'काढून टाकू, कटकट मिटेल' या सल्ल्यावर केलेली सही कितपत मोकळी असते?

७. वर्गात प्रत्यक्ष काय चालतं

हे शिकवायचं असं देशाने ठरवलं त्याला बरीच वर्षं झाली. १९४६ च्या भोर समितीलाच समाज ओळखणारा डॉक्टर हवा होता. त्यातूनच प्रत्येक महाविद्यालयात सामाजिक वैद्यकाचा विभाग आला. मुलांच्या भाषेत पीएसएम. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत दर तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे शिबिराला राहते. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने १९९९ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्र अभ्यासक्रमात आणलं. २०१९ पासून देशभर वृत्ती, नीती आणि संवाद या विषयाचे २७ पाठ सक्तीचे झाले. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं वाटून द्यायला सुरुवात केली.

कागदावर सगळं झकास आहे. वर्गात मात्र समाजशास्त्र म्हणजे पार्कच्या जाडजूड पुस्तकातल्या व्याख्या : एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब, तीन पिढ्यांचं कुटुंब. केसपेपरवर बी. जी. प्रसादांच्या कोष्टकाप्रमाणे आर्थिक वर्ग काढायचा. घरात चार माणसं, महिन्याची मिळकत १२,०००, म्हणजे दरडोई ३,०००. वर्ग अमुक. लिहिलं की संपलं. त्या आकड्यावरून औषध बदललेलं, फेरी वाचवलेली मी तरी क्वचितच ऐकली. ते १२,००० कोणाच्या हाती असतात हे कोष्टकाला ठाऊक नाही, आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही.

नीतीचं तर त्याहून अवघड. सकाळी वर्गात 'रुग्णाचा मान राखा' शिकलेली मुलं अकरा वाजता राउंडला जातात. तिथे मोठे डॉक्टर म्हणतात, 'चौदा नंबरचा हर्निया कुठाय?' पडदा न ओढता दहा पोरांसमोर बाईचं पोट उघडं केलं जातं. मुलं दोन्ही पाहतात आणि दुसरं शिकतात, कारण परीक्षेचे गुण दुसऱ्याच्या हातात असतात. म्हणून २७ पाठ आधी शिक्षकांना द्यावेत, असं माझं मत आहे. हे ऐकून अनेक प्राध्यापक हसतात, पण फारसा विरोध करत नाहीत.

आणि एक सोपी गोष्ट, जिला नवा खर्च लागत नाही. पीएसएम विभागात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याचं पद असतं. घरभेटी देणारी, कोणाचं कार्ड चालेल, कोणाची सासू आडवी येते, मुकादम सुट्टी देईल की नाही, हे जाणणारी व्यक्ती तीच. तिला आज बहुतेक ठिकाणी शिबिराच्या याद्या करायला आणि बिलात सवलतीचे अर्ज भरायला ठेवलेलं असतं. आठवड्यातून एक राउंड तिच्यासोबत करावा. हृदय आणि फुप्फुस तपासून झालं की तिने प्रत्येक खाटेपाशी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : हा माणूस घरी गेल्यावर गोळ्या कोण देणार, पुढच्या फेरीला येताना त्याचं काय बुडणार, आणि आत्ता जे बोलणं झालं ते त्याला त्याच्या भाषेत कळलं का. उत्तर आलं नाही तर विद्यार्थ्याने खाटेशी परत जाऊन विचारून यावं, आणि त्याचे गुण अंतिम परीक्षेत धरावेत.